हुसेनभाईंच्या गावचं पाणी

तूबा फोन न करता घरी आली, तेव्हाच शिरीषने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. हुसेनभाईंची ही थोरली मुलगी बँकेत नोकरीला होती आणि असं अवचित कुणाच्या दारात उभी राहणाऱ्यातली नव्हती. शिरीषच्या बायकोने, मेधाने, तिला बसवलं, चहा टाकला.

"अंकल, बाबांना तुम्हीच समजवा," तूबा इंग्रजीत म्हणाली. "जपानच्या खेड्यांतून सायकलवर फिरायचं म्हणतायत. पैसे भरूनही मोकळे झाले."

हुसेनभाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. औषधांचा उपयोग होईना म्हणून डॉक्टरांनी ती महिन्यापूर्वीच थांबवली होती. मधले थोडे दिवस बरे जातील, एवढंच ते म्हणाले होते.

शिरीष पुण्याहून बहरीनला आला तेव्हा पंप विकणाऱ्या कंपनीत त्याच्या शेजारच्या टेबलावर हुसेनभाई बसायचे. ते मूळचे बहरीनचेच, पण लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला खेपा केल्यामुळे त्यांना हिंदी छान यायची. परक्या मुलखात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "शिरीष भाई, खाना खाया?" असं विचारलं, ते शिरीष कधी विसरला नाही. पुढे हुसेनभाई निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, आणि रिकामं घर खायला उठतं म्हणून त्यांनी सायकल घेतली. दर शुक्रवारी सकाळी ऊन तापायच्या आत दोघं समुद्राकाठाने फिरून यायचे आणि गुदैबिया भागात डोसा खाऊन घरी जायचे.

शिरीष त्यांना समजवायला नईमला त्यांच्या घरी गेला खरा. हुसेनभाईंनी त्याच्यापुढे टूर कंपनीचा एक फोटो ठेवला. डोंगरातलं गाव, गवताने शाकारलेली घरं, आणि घरांच्या उंबऱ्याला लागून वाहणारा पाण्याचा पाट.

"असंच होतं आमचं," ते म्हणाले. "बुदैयाच्या रस्त्याला आमची खजुराची बाग होती. मधोमध झरा. पाट घरासमोरून जायचा, आई त्यात भांडी घासायची, आम्ही मुलं डुंबायचो. माझं लग्न व्हायच्या आधीच खलास." मग हसून म्हणाले, "जमिनीतलं पाणी पंपांनी ओढलं. आणि आपण दोघांनी जन्मभर काय विकलं?"

शिरीषला हसू आलं नाही. समजवायचं राहूनच गेलं. घरी येऊन तो मेधाला म्हणाला, "मी त्यांच्याबरोबर जातो." मेधाने त्याचं स्वेटर कपाटातून काढून ठेवलं.

मे महिन्यात दोघं जपानला पोचले. भातलावणीचे दिवस होते. खाचरं पाण्याने काठोकाठ भरलेली आणि त्यांत डोंगर उलटे पडलेले. मिसाकी नावाची तरुण गाईड पुढे, मागे हे दोघं आणि एक ऑस्ट्रेलियन जोडपं, आणि सगळ्यांच्या मागून सामानाची व्हॅन. सायकलींना बॅटरी होती, त्यामुळे चढावर फार दम लागत नव्हता. पहिले दोन दिवस हुसेनभाई सगळ्यांच्या पुढे पळायचे. वाटेत पाट दिसला की थांबायचे, उकिडवे बसायचे, हात बुडवायचे. गार पाणी लागलं की स्वतःशीच अरबीत काहीतरी पुटपुटायचे. संध्याकाळी गावातल्या जुन्या घरात जमिनीवर गाद्या घालून झोपायचं. भात, मासा आणि घरून आणलेला खजूर, एवढंच ते खायचे. तेही दिवसेंदिवस कमी होत होतं आणि शिरीषला ते दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी एका गावात एक म्हातारा शेतकरी खाचराच्या तोंडाशी उभा होता. त्याने पाटातली लाकडी फळी उचलली तसं पाणी वळून खाचरात शिरलं. शिरीषला जुन्नरकडचे मामा आठवले. "आमच्याकडे याला दारं मोडणं म्हणतात," तो म्हणाला. हुसेनभाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी मिसाकीला विचारलं, "एकदा मी उचलू का?"

म्हाताऱ्याने फळी पुन्हा बसवली आणि बाजूला झाला. हुसेनभाईंनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि पाटात उतरले. दोन्ही हातांनी फळी ओढली. पाणी त्यांच्या पोटऱ्यांवरून सुसाट निघालं. ते तसेच वाकून उभे राहिले, खूप वेळ. शिरीषने पाहिलं, ते रडत होते. ऑस्ट्रेलियन जोडपं अदबीने पुढे निघून गेलं.

नंतर बांधावर बसून त्यांनी म्हाताऱ्याला खजूर दिला. म्हातारा मिसाकीशी बराच वेळ बोलला. तिने सांगितलं, "हे म्हणतात, पुढच्या वर्षी हे खाचर पडीक राहणार. मुलगा ओसाकाला असतो, तो काही परत येणार नाही. आता होत नाही यांच्याच्यानं."

"पण पाणी तर आहे ना?" हुसेनभाईंनी विचारलं.

मिसाकीने विचारून सांगितलं, "पाणी आहे, म्हणतात. पाण्याचं काय, ते येतच राहणार."

हुसेनभाईंनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उठवेना. पाठीत कळा येत होत्या. शिरीष म्हणाला, "आपण परत जाऊ."

"यल्ला, चल, तू सायकल काढ," ते म्हणाले. "मी व्हॅनमधून बघतो."

उरलेले दोन दिवस शिरीष त्यांच्याशिवाय सायकल चालवत राहिला आणि व्हॅन मागून हळूहळू येत राहिली. तो सारखा मागे वळून बघायचा. पुढच्या काचेतून हुसेनभाई हात करायचे, पुढे बघ, पुढे बघ.

ऑगस्टच्या ऐन उन्हात ते गेले. दफनाला शिरीष गावच्या पुरुषांबरोबर उभा राहिला. कुणीतरी त्याच्याही हातात पाण्याचा तांब्या दिला. इतरांनी केलं तसं त्यानेही ओल्या मातीवर थोडं पाणी शिंपडलं.

पंधरवड्याने तूबा पुन्हा आली आणि त्याला गाडीतून बुदैयाच्या रस्त्याला घेऊन गेली. एका आडरस्त्यावर तिने गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना नव्या बंगल्यांच्या भिंती, मधे मोकळी जागा, चारदोन वठलेले खजूर आणि एक गोल खड्डा. खड्ड्यात सिमेंटच्या गोण्या टाकलेल्या होत्या.

"हा झरा," ती म्हणाली. "बाबांनी तुम्हाला कधी दाखवला असेल ना?"

"नाही."

"आम्हालाही त्यांनी आणलं नाही. आत्याने दाखवला. इथे माणूस आणायची त्यांना लाज वाटायची."

इतक्या वर्षांत या रस्त्याने ते दोघं कितीदा गेले असतील. प्रत्येक वेळी हुसेनभाई इथे सायकल जोरात मारायचे, आणि शिरीषला वाटायचं की त्यांना ऊन व्हायच्या आत घरी पोचायचं आहे.

"जपानहून आल्यावर आम्ही खूप विचारलं," तूबा म्हणाली. "म्हणाले, शिरीषला विचारा, त्याने पाहिलंय. सांगा ना अंकल, कसं होतं?"

शिरीषने सांगायला सुरुवात केली. घरासमोरून पाट जातो. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. म्हाताऱ्या बायका त्यात भाज्या धुतात, मुलं... इथपर्यंत आला आणि त्याच्या लक्षात आलं की त्या गावात त्याला एकही मूल दिसलं नव्हतं. ती मुलं हुसेनभाईंनी सांगितलेली होती. ती इथली होती. पुढचं सांगायचं सोडून तो खड्ड्याकडे वळला.

तूबाने त्याच्या कोपराला हात लावला. "चला, फार ऊन आहे," ती म्हणाली, आणि दोघं गाडीत जाऊन बसली.