चपला घालूनच या

सिव्हिल लाइन्समधलं एक मोठं दगडी सरकारी हापिस सव्वीस जानेवारीले लोकांसाठी उघडं राहे. सरकारनं बोलावल्यावर आपण काहून जाऊ नये? मी दरसाल जात होतो. आतून इमारत दाखवाचं काम तिथल्या एका चपराशाकडे होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलणं भांडल्यासारखं, पण मले तो माणूस पटे. खेड्यातली माणसं दारात चपला काढाले लागली, की हा ओरडे, "काहून काढून राहिले गा? देऊळ आहे का हे? घाला!"

एका साली पारशिवनीची एक म्हातारी चपला हातात घेऊन दारात उभी होती. नवीन साहेब म्हणाला, "काढू दे त्यांना. फरशी खराब होते."

चपराशानं साहेबाच्या पायाकडे पाहिलं. "मंग तुमचे बी बूट द्या साहेब, मी सांभाळतो."

साहेब लाल होऊन वर निघून गेला.

"घाल वं माय," चपराशी म्हातारीले म्हणाला.

पुढच्या साली दारावर दुसराच माणूस होता. आपल्या चपराशाले मांगच्या गोदामात टाकलं होतं. मी इमारत सोडून तिकडेच गेलो. म्हटलं, "काहून नडला गा साहेबाले?"

"नडलो कुठं?" तो म्हणाला. "त्यानं बूट काढून देले असते, तर पुसून ठेवले असते मी."