नावाआधीचं ॲट द रेट

पुण्यातल्या सत्तर-ऐंशी इंजिनिअरांना मी एका बोटावर नाचवलंय! आता खरं सांगायचं तर मला टायपिंगच एका बोटानं येतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. आणि नाचले म्हणाल तर त्यातले चार-पाच. बाकीचे वैतागून चहाला जायचे.

असले किस्से काही साठवावे लागत नाहीत. दुकान उघडून बसलं की माणसं आपणहून आणून टाकतात. झेरॉक्सचे वाया गेलेले कागद कोपऱ्यात जमतात ना, तसं. एक उचलायला जावं तर खालून चार निघतात.

मंडईच्या मागं माझं एसटीडी-झेरॉक्सचं दुकान. घराघरांत फोन आले, एसटीडीचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मी चार कॉम्प्युटर टाकून सायबर कॅफे केला. शिक्षण नववी नापास. कॉम्प्युटरबद्दल मला एवढंच माहीत होतं की अडला तर बंद करून पुन्हा चालू करायचा. पुढं पुष्कळ इंजिनिअर जवळून पाहिले. तेही तेच करतात!

त्यातलीच एक मेधा. कंपनीत नोकरी, बोलणं मोजून-मापून. तिनं आणि तिच्या दोस्तांनी कॉम्प्युटरचा अख्खा पडदा मराठीत आणायचं सॉफ्टवेअर काढलं होतं. फुकट. कुणीही घ्या, उघडून आत बघा, बदला, वाटा. करणारी माणसं पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरलेली, म्हणून बोलायला इंटरनेटवर एक चॅट चॅनेल.

ज्याच्या ताब्यात चॅनेल, त्याच्या नावाआधी @ लागायचं. आम्ही सायबर कॅफेवाले त्याला ‘ॲट द रेट’ म्हणतो. कुणी वाह्यातपणा केला तर ॲट द रेटवाल्यानं त्याला बाहेर काढायचं. पण असा एकही माणूस आत उरला नाही, तर चॅनेल बेवारशी! कुणीही यावं आणि बळकावून बसावं. रात्री पोरं जागी असायची. दिवसा मात्र कंपन्यांत चॅट बंद आणि कॉलेजवाले लेक्चरला. मग दिवसभर बसणार कोण?

“काका, नाहीतरी आपण बसूनच असता,” मेधा म्हणाली.

अशी माझी नेमणूक झाली.

*

आमच्या घरात भाऊ बी.कॉम., पुतण्या बी.ई., मेहुणा वकील. माझ्या नावाला जन्मात काही चिकटलं नव्हतं. त्यामुळे पुतण्याच्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव मी @ लावूनच छापायला दिलं.

प्रेसवाला कागद घेऊन धावत आला. “काका, ईमेल अर्धाच लिहिलाय.”

“ईमेल नाही तो. पदवी आहे.”

त्यानं चष्मा वर केला. “कुठल्या विद्यापीठाची?”

*

पदवी मिळाली की हात शिवशिवतात. पहिल्याच रविवारी मी फर्मान काढलं, की आत आल्यावर काकांना नमस्कार करायचा. अकरा जणांनी केला नाही. अकराही बाहेर! त्यातले दहा जण परत आले ते ‘नमस्कार काका’ म्हणतच. अकरावी मेधा.

ती काही लिहीत बसली नाही. सरळ दुकानात आली.

“काका, ॲट द रेट जसं देता येतं, तसं काढूनही घेता येतं. पुन्हा असं झालं तर मी विचारायला येणार नाही.”

हसून घालवलं खरं, पण त्या दिवसापासून माझा जीव त्या वेटोळ्यात अडकला. दुकानात शिरलो की आधी पडद्यावर बघायचो, आहे ना नावाआधी? मग देवाला उदबत्ती.

*

चॅनेलवर फार कालवा व्हायला लागला. एक जण कामाचं विचारतोय, दुसरा मिसळ कुठली चांगली यावर भांडतोय. म्हणून सगळ्यांनी बसून ठराव केला, की दोन चॅनेल करायची. एक ‘काम’, एक ‘गप्पा’. दोन्हींवर देखरेख माझी.

आठवड्यात ‘काम’ ओस पडलं. मी एकटा, रिकाम्या कार्यालयातल्या मॅनेजरसारखा. सगळी गर्दी ‘गप्पा’त.

मेधा वैतागली. “काका, यांना कामाला कसं लावायचं?”

म्हटलं, सोपं आहे. दोन्ही चॅनेलांवर सूचना लावली. ‘गप्पा’वर लिहिलं, ‘येथे फक्त कामाचे बोलावे.’ ‘काम’वर लिहिलं, ‘येथे कामाचे बोलू नये.’

संध्याकाळपर्यंत ‘काम’ तुडुंब भरलं. आणि माणसं तिथं हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, कामाचं बोलत होती!

*

आमच्यात एक देवधर सर होते. निवृत्त गणित शिक्षक. सॉफ्टवेअरमधले शब्द मराठीत करायचं खातं त्यांच्याकडं. शिस्त अशी, की चॅटवरचा निरोपसुद्धा ‘सप्रेम नमस्कार’पासून सुरू होऊन ‘कळावे’ला संपायचा. आमच्या मंडळींचा नियम होता की चर्चा चॅनेलवरच करावी, म्हणजे नोंद राहते. हा नियम आमच्यात फक्त दोघं पाळायचे. एक सर आणि दुसरेही सरच.

एकदा त्यांच्या घरचा फोन बिघडला, आणि तेव्हा इंटरनेटही फोनच्याच तारेतून यायचं, म्हणून ते माझ्या दुकानात येऊन बसले. मी एक नंबरला, ते दोन नंबरला. मधे दोन फूट. ‘फाइल’ला मराठीत काय म्हणावं यावर माझ्याशीच वाद. मी तोंडानं म्हटलं, “सर, फाइलला फाइलच म्हणतात हो. इथल्या पोस्टातसुद्धा!”

सर माझ्याकडं न बघता टाइप करायला लागले. मिनिटभरानं माझ्या पडद्यावर उमटलं, “सप्रेम नमस्कार. आपला मुद्दा कृपया चॅनेलवर मांडावा. कळावे.”

मग काय! दोन तास आम्ही खांद्याला खांदा लावून, तोंडातून अवाक्षर न काढता, सातासमुद्रापलीकडच्या कॉम्प्युटरमार्गे कडाकडा भांडलो. गिऱ्हाईकं म्हणाली, “काय शांत दुकान आहे हो तुमचं!”

शेवटी दमलो. वळून विचारलं, “सर, चहा सांगू?”

पडद्यावर उमटलं, “सप्रेम नमस्कार. साखर कमी. कळावे.”

खाली बंगळुरूच्या कुणीतरी लिहिलं, “मलाही.”

*

पुढं निखिल आला. मूळचा यवतमाळचा, राहायला विश्रांतवाडीला, नोकरी आयटीत. पोरगं हुशार पण भाबडं. त्या काळी मोठ्या चॅनेलांवर बॉट असायचे, म्हणजे आपोआप उत्तरं देणारे प्रोग्रॅम. माझी ती एका बोटाची तुटक उत्तरं बघून निखिलला वाटलं, हाही बॉटच!

त्यानं लिहिलं, “मदत.”

मी एका बोटानं, “संपली.”

त्यानं लिहिलं, “यादी.”

“कसली?”

“सर्व आज्ञांची यादी.”

“इथं आज्ञा मी करतो.”

महिनाभर मी बॉट होतो! कुणी सांगितलं नाही त्याला. पुणेकर अशा बाबतीत एकजुटीनं वागतात. शेवटी त्यानं सॉफ्टवेअरच्या तक्रारवहीत रीतसर तक्रार नोंदवली, ‘बॉट भल्ला उद्धट आहे. जेवणाच्या वेळी बंद पडतो. मधेच, आलो, गिऱ्हाईक आहे, असे म्हणतो. कृपया दुरुस्ती व्हावी.’

तक्रार तपासून शेरा मारायचं काम मेधाचं. तिनं मारला, ‘तपासले. दुरुस्त होणार नाही.’

*

निखिलला खरं कळलं तेव्हा तो दुकानात येऊन समोर उभा राहिला. मग म्हणाला, “काऊन असं करता बाप्पा, काका?” आणि मनावर घेऊन त्यानं खराखुरा बॉट लिहिला. न जेवणारा, न झोपणारा, रात्रंदिवस चॅनेलवर बसणारा.

असा पहारेकरी आला तर माझी गरज काय? एका रविवारी सकाळी त्यानं बॉट आत बसवला आणि मेधानं बॉटच्या नावाआधीही @ लावलं. पाठोपाठ सगळ्यांना निखिलची मेल आली. दोन पानी, इंग्रजी. मला वरचा मराठी विषय तेवढा लागला, ‘काकांचं ॲट द रेट: ठराव. मतदान दुपारी तीनला.’

म्हटलं, असं होय! मला काढायला मतदान?

तीन वाजता पंचवीस माणसं हजर. मेधा तेवढी नव्हती, लोणी काळभोरला चुलतबहिणीच्या लग्नात. आता ॲट द रेटवाल्याच्या हातात एक कळ असते. ती दाबली की बाकीच्यांची तोंडं बंद. टाइप करतात, पण उमटत नाही. मी ती दाबली. मग एका बोटानं, सावकाश लिहिलं, “निखिलच्या ठरावाला ज्यांचा पाठिंबा असेल त्यांनी बोलावं.”

शांतता.

“पुन्हा विचारतो. एक तरी माणूस?”

शांतता.

“कुणीही नाही. ठराव एकमतानं फेटाळला. सभा संपली.”

कळ सोडली आणि स्वतःला स्पेशल चहा सांगितला. पहिला घोट घेतोय तोवर पडद्याकडं लक्ष गेलं. माझं नाव होतं. नुसतंच नाव.

तेवढ्यात फोन वाजला. मागं सनई-चौघडा. मेधा.

“अहो काका, निखिलचा आत्ता फोन होता. ठराव वाचला होतात?”

“विषय वाचला की!”

“आत काय होतं सांगू? बॉट आला तरी काकांचं ॲट द रेट तहहयात ठेवावं. पंचवीसच्या पंचवीस जण ‘हो’ लिहीत बसले होते. तुम्ही फेटाळलात. म्हणून निखिलनं बॉटला सांगून ते काढलं.”

माझा चहा कपातच राहिला. म्हटलं, “मेधा, असं कसं? पुन्हा घेऊ या ना मतदान!”

“घेऊ की,” ती म्हणाली. “बॉटला विचारून बघा, त्याला कधी सवड आहे.”