पायडलवरची लेथ

चंद्रप्रकाश परबांनी मरोळच्या एका टूलरूममध्ये सदतीस वर्षं टर्नरचं काम केलं. कारखाना लहान होता, पण परबांचं नाव आजूबाजूच्या गाळ्यांमध्ये माहीत होतं, ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणी मशीनचा झिजलेला भाग घेऊन आला की परब तो खिडकीशी धरत, अंगठ्याने चाचपत आणि सांगत, "तुमचा माणूस डाव्या अंगाला रेलून उभा राहतो. त्याला पायाखाली फळी द्या, म्हणजे हे पुन्हा होणार नाही." ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल ते असं सांगत, आणि ते खरं निघे. साकीनाक्याहून लोक फक्त एवढं विचारायला येत.

निवृत्तीनंतर परब लोखंडातून लाकडात आले. चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. त्या पडवीत त्यांनी स्वतः जोडलेली, मोटरवर लाकूड फिरवून कातायची एक छोटी लेथ होती. पांगाऱ्याचे भोवरे, आंब्याच्या लाकडाची लाटणी, खुळखुळे असं काहीबाही ते करत आणि वाटून टाकत. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको रत्नप्रभा चार दिवसांच्या तापाने गेली. मुलगा प्रीतम पवईला ऑफिसात, सून श्रुतिका साकीनाक्याच्या लॅबमध्ये. घर दिवसभर रिकामं. सकाळ कशीतरी जायची, पण दुपारी तीन ते सहा हा वेळ वाईट. त्या वेळात रत्नप्रभा आतल्या दाराशी शिवणयंत्रावर बसलेली असायची आणि परब घरी असले तर त्या आवाजात त्यांना डुलकी लागायची. ती गेल्यावर ते तीन तास त्यांनी लेथच्या घरघरीने भरून काढले होते.

मे महिन्याचं विजेचं बिल आलं आणि श्रुतिकाने ते जेवणाच्या ताटाशेजारीच ठेवलं.

"बाबा, ही लेथ आहे की राक्षस?"

"राक्षस तुमच्या खोलीत टांगलाय. गार फुंकर मारतो तो."

"तो झोपायला लागतो हो! तुमचे भोवरे काय, झोपतात?"

"भांडू नका ना यार," प्रीतम म्हणाला. "तीनशे युनिटच्या वर गेलं की वरचे युनिट महाग पडतात. आपण दर महिन्याला त्या रेषेच्या जरासे वर असतो. साठ-सत्तर युनिट कुठून तरी कमी करायचे, बस."

परब वाद घालणारे नव्हते, मोजणारे होते. दुसऱ्या दिवशी घरातलं सगळं बंद करून ते मीटरसमोर स्टूल टाकून बसले. मीटरवरचा लाल दिवा उघडमीट करतो, वीज जास्त ओढली तर भरभर, कमी ओढली तर सावकाश. फ्रिज लावला, पंखा लावला, प्रत्येक वेळी घड्याळ धरून त्यांनी मिनिटाला किती वेळा दिवा लागतो ते टिपलं. मग लेथ सुरू करून आले. दिवा इतका भरभर लुकलुकत होता की मोजता येईना. मोटर सेकंडहँड, दोनदा वाइंडिंग बदललेली. लाकूड कातण्यापेक्षा स्वतः तापण्यातच तिची निम्मी ताकद जात होती. रोजचे तीन तास धरले तर साठ-सत्तर युनिट तिचेच होते.

संध्याकाळी त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "राक्षस माझाच निघाला."

"मग नवीन मोटर घेऊ या. कमी वीज खाणाऱ्या मिळतात आता," प्रीतम म्हणाला.

"नको. बंद ठेवतो."

आठ दिवस लेथ बंद राहिली. त्या आठ दिवसांत परब तीन वाजता पडवीत जाऊन बसत आणि हातात पटाशी धरून नुसते बसून राहत. चौथ्या दिवशी श्रुतिका लवकर घरी आली तेव्हा ते आतल्या दाराशी उभे होते, चादरीने झाकलेल्या शिवणयंत्राकडे बघत.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. शांतता फार आहे गं."

हे असंच चाललं तर बाबा खचतील, हे तिला त्या दिवशी कळलं. रात्री तिने प्रीतमला सांगितलंही, बिल गेलं खड्ड्यात, लेथ चालू करू दे त्यांना. पण तोवर परबांच्या डोक्यात दुसरंच फिरू लागलं होतं. चादरीखालच्या यंत्राला मोटर नव्हती. पाय होते.

रविवारी त्यांनी यंत्राचं डोकं स्टँडवरून उतरवलं, रत्नप्रभाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. स्टँड पडवीत नेलं. खालचं जाळीचं लोखंडी पायडल, त्याला जोडलेली उभी दांडी, मोठं चाक, चाकावर चामड्याची वादी. वादीचं दुसरं टोक लेथला जोडायचं, एवढंच. पण वेग कमी पडत होता. मग त्यांनी लेथवर लहान पुली बसवली, वादी लांबवली, चाकाला वजन यावं म्हणून आतून शिशाची पट्टी बांधली. दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी तीन वाजता, त्यांनी स्टुलावर बसून पाय मारायला सुरुवात केली.

खट्-खटक. खट्-खटक.

एक ठोका आखूड, एक लांब. पायडल वर येताना जरासं अडखळायचं आणि मग खाली पडायचं. चालताना लंगडणाऱ्या माणसासारखं.

श्रुतिकाची त्या दिवशी सुट्टी होती. ती स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन आली आणि पडवीच्या उंबऱ्यावरच थांबली. तिचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं... आई."

परबांचा पाय थांबला. त्यांनाही तेच वाटलं होतं.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारच्या सोनूबाई आल्या. वय ऐंशीच्या घरात, कान जरा जड, पण हा आवाज त्यांना भिंतीतून कळला होता. त्यांनी पडवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "रत्ना इली काय?"

श्रुतिकाने यंत्राच्या स्टँडकडे बोट दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हातारपण मेलां," म्हणाल्या आणि परत गेल्या.

त्यानंतर रोज दुपारी घरात तो आवाज येऊ लागला. परबांना आधी दचकायला व्हायचं, मग तो हवाहवासा वाटायला लागला. डोळे मिटून पाय मारला की ती आतल्या दाराशीच बसली आहे, तोंडात टाचण्या धरून. आता बोलवलं तर हुं म्हणेल. कधीकधी ते पाय थांबवायचे आणि आवाज आणखी एक ठोका पुढे गेल्यासारखा वाटायचा. लाकूड कातायचं राहून जायचं, नुसतं पायडलच चालायचं.

पण सहाव्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा धरला. पडवीची पायरी चढताना कळ आली आणि त्या कळीबरोबर एक जुनी दुपार आठवली. रत्नप्रभा यंत्रावरून उठता उठता म्हणाली होती, "पायाक कळ येता हो. मशिनीक मोटर बसवन देशात?" परब पेपर वाचत होते. पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले होते, "मोटर कित्याक? बिलाचो आकडो बघलंस? पाय चलतत मां, मग लाइट कित्याक जाळूची?" ती हसली होती बहुतेक. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. विषय तिथेच संपला होता.

गुडघा स्वतःचा दुखला की कारागीर माणूस गप्प बसत नाही. परब स्टँडसमोर उकिडवे बसले. पायडल ज्या दोन टोकदार बोल्टांवर झुलतं ते झिजले होते, म्हणून ते जड जात होतं आणि लंगडत होतं. ते साकीनाक्याला गेले, चार लहान बेअरिंगं आणली. ती बसवायला बाभळीच्या चकत्या त्याच लेथवर कातल्या. पायडलला दोन, चाकाला दोन. पायडलचा टेका जरा मागे सरकवला. एकूण एक दुपार गेली. पावणेसहाला त्यांनी पायाचा चवडा नुसता टेकवला आणि चाक असं फिरायला लागलं की जणू त्याला कुणी पाय मारावा लागतच नाही. आवाज नाही, अडखळणं नाही. लेथ वाऱ्यासारखी फिरत होती. असं काही साधलं की परब पूर्वीपासून जिला हाक मारायचे तिलाच त्यांनी हाक मारली.

"अगो, बघ गो ह्या! इकडे ये!"

हाक घरातून फिरून आली. घरात कुणी नव्हतं.

परबांनी पाय काढला. चाक फिरतच राहिलं. काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी काढलेले जुने बोल्ट भंगारात टाकायला उचलले आणि सवयीने पत्र्याच्या खिडकीशी धरले. उजवा बोल्ट जवळजवळ नवा होता. डाव्याचं टोक उरलंच नव्हतं. अंगठ्याने चाचपताना त्यांच्या तोंडून निघालंही, "हा माणूस एकाच पायाने..."

मग त्यांनी पायडलकडे नीट पाहिलं. उजव्या बाजूला जाळीवरचा काळा रंग अजून होता. डाव्या मागच्या कोपऱ्यात, टाच टेकते तिथे, लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. इतकं व्हायला एका वर्षाचं काम पुरत नाही. कितीतरी वर्षं तिने उजवा पाय जमिनीवर ठेवून एकट्या डाव्या टाचेने यंत्र ओढलं होतं. आणि ज्या आवाजात त्यांना दुपारची डुलकी लागायची तो हाच लंगडा आवाज होता.

मोटर नको म्हटलं ते एक वेळ चाललं असतं. पण तिने मोटर मागितली तेव्हा तिला मोटर नको होती, पाय हलका हवा होता. त्याला विजेचा एक युनिटही लागत नव्हता. चार बेअरिंगं आणि एक दुपार.

श्रुतिका साडेसहाला आली तेव्हा ते तसेच बोल्ट हातात घेऊन बसले होते.

"आज आवाज नाही आला बाबा. गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा रोज."

"श्रुतिका, तिचा गुडघा कधीपासून दुखत होता गं?"

तिने पर्स खाली ठेवली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला माहीत होतं बाबा. तेलाची बाटली तुम्हीच तर आणून द्यायचात."

श्रुतिका स्टुलाच्या बाजूला जमिनीवर बसली. सांगावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, पण न सांगणंही जमेना.

"माझ्या पहिल्या पगारात मी त्यांना मोटर घ्यायला निघाले होते. त्यांनी अडवलं."

"बिलासाठी?"

"नाही. म्हणाल्या, 'मी त्यांका एकदा विचारलंय, परत नाय विचारूचा. त्यांच्या ध्यानात येतला. सगळ्या जगाची मशिनां बघतत ते.' मी म्हटलं, अहो आई, कधी येणार ध्यानात? तर हसल्या. म्हणाल्या, 'येतला गो.'"

"कधीची गोष्ट ही?"

"लग्न झालं त्याच वर्षी. नऊ वर्षं झाली आता."

म्हणजे जाईपर्यंत सहा वर्षं ती वाट पाहत होती. ती बसायची ते दार पडवीपासून बारा पावलांवर होतं.

पुढच्या महिन्याचं बिल कमी आलं. प्रीतमने वडिलांच्या पाठीवर थाप मारली. "झकास, बाबा! तुम्ही इंजिनिअर व्हायला हवं होतं." त्याने ऑफिसातल्या दोन मित्रांना मुद्दाम पडवी दाखवायला आणलं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि चाकाला हात लावून पाहिला. परबांनी त्यांना बेअरिंगं कशी बसवली ते समजावून सांगितलं, नेहमीसारखं, नेमकं.

सोनूबाई एकदा येऊन तक्रार करून गेल्या. "तो आवाज खंय गेलो? बरो वाटायचो. घर भरल्यासारख्या."

त्या गेल्यावर परबांनी पाना घेतला. डावीकडचं बेअरिंग काढलं, झिजलेला बोल्ट परत बसवला, पायडलवर टाच ठेवली. खट्-खटक. ती आली. अगदी जवळ, दाराशीच. परबांनी आणखी दोन-तीन ठोके ऐकले आणि चौथ्यावर त्यांना ते ऐकवेना. आधी त्यांना वाटत होतं की या आवाजात ती आहे. आता त्या आवाजात तिचा गुडघा होता, आणि तिने एकदाच विचारलेलं तो दर ठोक्याला त्यांना पुन्हा विचारत होता.

त्यांनी बोल्ट काढला, बेअरिंग पुन्हा चढवलं, नट घट्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते पडवीत गेले. पांगाऱ्याचा तुकडा लेथला लावला, दोन्ही पाय पायडलवर नीट ठेवले आणि सुरुवात केली. चाक मुकाट फिरलं. लाकडाचा कीस पातळ, लांब वळसे घेत खाली पडू लागला. तासभर झाला, दोन तास झाले. उजवा गुडघा अजिबात दुखत नव्हता. परब मधूनमधून थांबून त्याच्यावर हात ठेवून पाहत, आणि पुन्हा पाय मारत.