तिसऱ्या बेडकाचा पूल

किस्से साठवावे लागत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. तीन माणसे दहा वर्षे एकाच गोष्टीवर भांडत राहिली, की ते आपोआप साठतात. आमचे भांडण एका बेडकावरून होते. रेनकोट घालून उड्या मारणारा हा बेडूक एका व्हिडिओ गेमचा नायक. गेमचे एकामागून एक चार भाग आले. त्यांतला कठीण कोणता आणि चांगला कोणता, हा वाद शारजात, रोल्ला भागातल्या एका फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी रंगायचा. फ्लॅट वसईच्या मेल्विन आणि ग्लोरिया या बहीण-भावांचा. ग्लोरिया एका वर्षाने मोठी. तिसरा मी. एम.ए.ला मी पुष्कळ नंतर गेलो, पण ग्लोरिया मला आठवीपासूनच ‘प्रोफेसर’ म्हणते, कारण बेडूक कुठे आणि कोणाच्या हातून मरतो, याची मी वही ठेवत असे.

* * *

एकदा ती वही त्या दोघांच्या आईच्या, म्हणजे आंटींच्या, हाती लागली. ‘मेल्विन मेला, नऊ वेळा. ग्लोरिया मेली, सहा वेळा.’ आंटींनी छातीवर क्रूस काढला.

“हे कोणी लिहिलं?”

“प्रोफेसरनं,” दोघे एकदम म्हणाले.

आंटींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन अंकलना म्हणाल्या, “त्या पोराला रोज जेवायला घाला. घरी काहीतरी बरं नाहीये!”

* * *

पहिल्या भागात आपण का मेलो, हे मेल्यावर लगेच समजायचे. दुसऱ्या भागात तशी सोय नव्हती. काही ढगांवर उभे राहता येई, काहींतून बेडूक आरपार जाई, आणि दिसायला सगळे ढग सारखेच!

“दुसराच बेस्ट, कठीण आहे!” मेल्विन म्हणायचा.

“कठीण नव्हे, अन्यायी,” मी म्हणायचो. “खेळाडूला आधी इशारा मिळायला हवा.”

अंकल एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. सोफ्यावर पडल्या पडल्या ते म्हणाले, “इशारा कसला? आमचा मॅनेजर अगदी असाच आहे. वरून मऊ, पाय ठेवला की खलास!”

* * *

चौथा भाग आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. ग्राफिक्स देखणे होते, पण बेडूक खड्ड्यात पडला की त्याला पंख फुटायचे आणि तो आपोआप काठावर यायचा. ग्लोरियाने दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला.

“काय झालं? सोपा तर आहे!” मेल्विन म्हणाला.

“ह्याला माझी दया येते,” ती म्हणाली. “मला नको कोणाची दया.”

* * *

खरा वाद तिसऱ्या भागाचा. रोल्लातल्या दुकानदाराने त्याची जपानी प्रत दिली. सुरुवातीच्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि अक्षर कळायचे नाही. दुकानदार म्हणाला, “नीचेवाला दबाओ, चलेगा.” आम्ही वर्षानुवर्षे नीचेवाला दाबला.

शेवटी एक पूल होता. त्याच्या फळ्या पायाखालून नाहीशा होत. एका शुक्रवारी सगळे चर्चला गेले असताना ताप आलेल्या मेल्विनने घरी एकट्याने गेम संपवला! पुरावा म्हणून पडद्याचा फोटो काढला: पुलाच्या अलीकडे छत्री उघडून उभा असलेला बेडूक, खाली जपानी अक्षरे. फोटो फ्रेम होऊन टीव्हीवर विराजमान झाला.

ग्लोरियाला तो पूल कधीच जमला नाही. तिच्या तिथल्या मरणांनी माझ्या वहीची अकरा पाने भरली.

“मुलींचा हात थरथरतो गं, ग्लोरी,” मेल्विन दर शुक्रवारी म्हणायचा.

“गप बस. मी संपवीन,” ती दर शुक्रवारी म्हणायची.

* * *

पुढे पुण्यात एम.ए. करताना मी या चार भागांच्या तुलनेवर सेमिनारचा निबंध लिहिला. आधार म्हणून सुरुवातीच्या पडद्याचा फोटो आणि मेल्विनची फ्रेम सोबत नेली होती. वर्गातल्या एका मुलीला जपानी येत होते. तिने दोन ओळी वाचल्या. वरची: सोपा. खालची: कठीण. मग फ्रेममधली अक्षरे वाचली: ‘शाबास! आता कठीण खेळ निवड आणि पूल ओलांड.’

“म्हणजे एक जण सोपा खेळला आणि बाकीचे कठीण. तुमची तुलनाच बाद,” सर म्हणाले.

“नाही, सर,” मी म्हणालो. सरांना मी प्रथमच ‘नाही’ म्हणत होतो. “एका खेळाडूवर अन्याय झाला आहे. तो आधी दुरुस्त करतो.”

* * *

सुट्टीत शारजाला पोहोचलो तेव्हा त्यांच्या हॉलमध्ये खोकी रचलेली होती. अंकल निवृत्त झाले होते. सगळे कायमचे वसईला निघाले होते, आणि तो रोल्लातला त्यांचा शेवटचा शुक्रवार होता. मी फ्रेम टेबलावर ठेवली आणि अक्षरांचा अर्थ सांगितला.

“मला काय माहीत! जपानी होतं!” मेल्विन ओरडला. “तापात चुकून वरचं दाबलं असेल!”

 ग्लोरियाने खोक्यातून कंट्रोलर काढला, जोडला, जमिनीवर मांडी घातली. पडद्यावर त्या दोन ओळी आल्या.

“वरचा घे ना,” मेल्विन हळूच म्हणाला. “आज तरी संपेल. तुझाही फोटो काढू.”

तेवढ्यात आंटी दारातून म्हणाल्या, “ग्लोरिया, कार्गोवाले आलेत. टीव्ही पॅक करायचाय, यल्ला, चल लवकर!”

ग्लोरियाने खालची ओळ दाबली.

“त्यांना चहा दे, मम्मी,” ती म्हणाली. “पूल लांब आहे.”