कोनशिलेची मागची बाजू

नरहरी अण्णा कोनशिला नेहमी खालून वर कोरतात. हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा मला ते उफराटं वाटलं होतं. विचारलं, तर त्यांनी हातोडा न थांबवता सांगितलं, "खालची नावं बदलत न्हाईत. सरपंच, उपसरपंच, सदस्य. वरची कवा बदलतील, सांगता येत न्हाई."

आमचं गाव नेऱ्याच्या पुढे. बहुतेकांच्या जमिनी गेल्या, त्या जागी खोल्या आणि इमारती आल्या. अण्णांनी एक एकर राखलं आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. तरुणपणी ते दगडखाणीत कामाला होते. तिथल्या एका म्हाताऱ्या पाथरवटाने त्यांना अक्षरं कोरायला शिकवली. मुळशी तालुक्यातल्या कितीतरी पुलांवर, शाळांवर, सभामंडपांवर त्यांच्या हातची अक्षरं आहेत. मी राहायला आल्यापासून मजकूर लॅपटॉपवर जुळवून मोठ्या कागदावर छापून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची आणखी एक सवय होती. ओळ कोरून झाली, की ते डोळे मिटायचे, अक्षरांच्या खाचेतून बोट फिरवायचे आणि ओळ मोठ्याने वाचायचे. डोळा चूक ओलांडून पुढे जातो, बोट जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात मी माझा कोड इतकं मन लावून कधी तपासला नाही.

त्या वर्षी गावाचं आरोग्य उपकेंद्र बांधून झालं. ते अण्णांच्या बायकोने, शारदाकाकूंनी आणलं होतं. त्या सरपंच होत्या. त्यांच्या जावेचं पहिलं बाळंतपण हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेल्या रिक्षात झालं. बाळ वाचलं, पण काकू ते विसरल्या नाहीत. सरपंच झाल्यापासून साडेचार वर्षं त्या पिशवीत कागद घेऊन तालुक्याला पौडला आणि पुण्याला हेलपाटे घालत राहिल्या. आता मुदत संपायला थोडे महिने उरले होते आणि उद्घाटनाची कोनशिला कोरायची होती. तिच्यावर पाहुण्यांचीच गर्दी, म्हणून सदस्यांची नावं नव्हती; शेवटच्या ओळीत फक्त काकूंचं नाव येणार होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी अण्णांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. काकूंनी लग्नात उखाणा घेतला. अण्णांची पाळी आली तेव्हा ते पंगत वाढायला म्हणून उठून गेले. पुढे सगळा संसार "ऐकलं का" वर चालला. उपसरपंच जयसिंग त्यांना शेडमध्ये येऊन चिडवायचा, "अण्णा, औंदा तुमची पंचाईत हाय. कोरल्यावर बोट फिरवून वाचावं लागणार." अण्णांचे कान लाल व्हायचे.

तेव्हाच राज्यात तीन पक्षांचं सरकार आलं. आधी तिघांनीच शपथ घेतली. मग विस्तार, मग खातेवाटप, मग जिल्ह्याचा पालकमंत्री कोणत्या पक्षाचा यावरून रुसवेफुगवे. दर चार दिवसांनी पंचायतीत फोन यायचा, की अमुक नाव दुसऱ्या ओळीत घ्या, तमुक नाव त्याच्या खाली चालणार नाही. मी मजकुराच्या सात प्रती केल्या. एकदा दोन नावं एकाच ओळीत शेजारी मागितली, तेव्हा कोणतं डावीकडे यावर दोन दिवस गेले. अण्णा निवांत होते. त्यांच्या पद्धतीने खालची ओळ आधी कोरायला काहीच हरकत नव्हती. तरी त्यांनी हातोडा उचलला नाही.

अखेर पालकमंत्री ठरले, उद्घाटनाची तारीखही आली. पुढचा गुरुवार. अण्णांनी काळा कडप्पा मांडून घेतला आणि वरून कोरायला सुरुवात केली.

मी चकित झालो. ते म्हणाले, आता तारीख पक्की आहे, काय बदलायचंय. पण खरं कारण तेवढंच नव्हतं, हे दोन-तीन दिवसांनी त्यांच्या बोलण्यातून कळलं. नव्या दगडावर हात बसायला वेळ लागतो. पहिल्या ओळी जरा ताठ येतात. शेवटाला दगड ओळखीचा होतो, तेव्हा अक्षराला गोलाई येते. काकूंचं नाव त्यांना हात बसल्यावर कोरायचं होतं. त्यासाठी एक छिन्नी धार लावून, फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवली होती.

बुधवारी सकाळपर्यंत अकरा ओळी झाल्या. तळाशी दोन वीत जागा मोकळी होती. दुपारी जयसिंग मोबाइल हातात घेऊनच शेडमध्ये आला. तिघांपैकी सर्वांत लहान पक्षाने पाठिंबा काढला होता. संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. सरकार त्रेचाळीस दिवस टिकलं.

उद्घाटन रद्द झालं. नवं सरकार येईल, नवे पाहुणे ठरतील, तोवर थांबा, असा निरोप आला. तोवर काकूंची मुदत संपणार होती आणि प्रशासक येणार होता. नव्या कोनशिलेवर त्यांचं नाव असण्याचं काही कारण उरणार नव्हतं. अण्णा ती मोकळी जागा बघत बसून राहिले. मला म्हणाले, "आयुष्यभर खालून कोरलं. एकदाच हाव धरली."

काकूंना दगडाचं एवढं काही वाटलं नाही. त्यांना उपकेंद्राच्या दाराला लागलेल्या कुलपाचा राग आला. आत खाट होती, औषधं ठेवायचा फ्रिज होता, नर्सबाईंची नेमणूक झालेली होती. सोमवारी गावात बाळांच्या लसीकरणाचा दिवस, तो दरवेळी देवळाच्या ओट्यावर व्हायचा. काकूंनी ग्रामसेवकाकडून किल्ली मागून घेतली आणि सोमवारी सकाळी दार उघडून दिलं. नारळ जावेच्या, रिक्षात जन्मलेल्या मुलीने फोडला. ती तेव्हा पाच वर्षांची होती. नारळ फुटायला दोन-तीन फटके जास्त लागले. कोणी भाषण केलं नाही. कोणी अडवायलाही आलं नाही.

त्याच दिवशी अण्णांनी मला आणि जयसिंगला हाक मारली आणि दगड उलटा करून घेतला. कडप्प्याची मागची बाजू खडबडीत असते. ती पाणी टाकून घासायला त्यांना नऊ दिवस लागले. हाताची सालं निघाली. जयसिंग म्हणाला, "म्हंजे आख्खं मंत्रिमंडळ भिंतीकडं तोंड करून बसणार म्हणा की." अण्णा म्हणाले, बसू दे, तिथे त्यांना कोणी उठवायला येणार नाही.

या वेळी मजकूर लहान होता. गावाचं नाव, उपकेंद्र, साल, खाली सदस्य. अण्णांनी पुन्हा खालून सुरुवात केली. सदस्यांची नावं आधी, मग जयसिंगचं. सरपंचाची ओळ सदस्यांच्या वर. तिथवर येईतो हात चांगला बसला होता. त्यांनी फडक्यातली छिन्नी काढली आणि ती एक ओळ दोन दिवस कोरली. मी एका बाजूला कागद धरून बसलो होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि कप कुठे ठेवावा म्हणून उभ्या राहिल्या.

अण्णांनी खाचेतली पूड फुंकली, डोळे मिटले आणि बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग सावकाश पुढे सरकलं.

"सरपंच," ते म्हणाले. थांबले. "सौ. शारदा नरहरी पायगुडे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी कागदाकडे बघत राहिलो. मग काकूंनी कप दगडाच्या कडेला ठेवला आणि खाली बसत म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाचा. चूक राहायला नको."