‘पिकलं’ म्हणणारा माणूस

मामांनी ‘पिकलं’ म्हटल्याशिवाय ओतशाळेत धातूचा थेंब हलत नसे. तांबं आणि कथील वितळून एकजीव झालं की मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे, मुशीत डोकावायचे, रंग नारिंगीचा लख्ख पिवळा झाला का बघायचे आणि फळ दाबून पाहणाऱ्याच्या खात्रीने म्हणायचे, “पिकलं!” मग ते पाण्यासारखं कांसं साच्यात जायचं आणि निवून घट्ट झालं की त्याची घंटा व्हायची. तीस वर्षं त्यांच्या घंटांवर शाळा भरत होत्या, सुटत होत्या. मामी म्हणायच्या, “तुमच्या घंटेने सगळं गाव उठतं. तुम्हाला उठवायला मात्र मला घसा फोडावा लागतो.”

पण गेल्या महिन्यात लागोपाठ तीन घंटा बद्द वाजल्या. टोला दिला की पातेल्यावर झाकण पडल्यासारखा आवाज. एक कापून पाहिली, तर आत भोकंच भोकं. कांसं वाजवीपेक्षा जास्त तापलं होतं. मालक तसा भला माणूस, पण तोही म्हणाला, “मामा, चौथी बिघडली तर ओतकाम माझ्या मेहुण्याकडे. तुम्ही आपले गेटावर बसा.” मेहुण्याने तापमान मोजायची लांब दांडी आणली होती. मूठ हातात, टोक धातूत, की आकडा हजर. मामा तिला ‘काठी’ म्हणत आणि मेहुण्याला काहीच म्हणत नसत.

“कथीलच भेसळीचं येतंय,” घरी येऊन त्यांनी जाहीर केलं. मग अंगातल्या शर्टाकडे बघून म्हणाले, “आणि हा शर्ट धुतलास की चहात बुचकळलास?”

“कोरा आहे तो. सकाळीच घडी मोडलीत.”

“मग दुकानदारानेच पिवळा दिला.”

मामी भांडणार होत्या, पण थबकल्या. त्यांनी पांढरी बशी आणून त्यांच्यापुढे धरली. “हिचा रंग?”

“पिवळट.”

मामी मटकन खालीच बसल्या. “अहो, पांढरं तुम्हाला पिवळं दिसतंय! मग भट्टीतलं पिकलेलं पिवळं नारिंगी, कच्चंच वाटणार. म्हणून तापवत बसता. मोतीबिंदू आहे हा.”

“माझ्या डोळ्यांना नावं ठेवतेस? या डोळ्यांवर घर चाललंय!”

“म्हणून तर बोलतेय. उद्या ओतायच्या आधी त्या काठीला विचारा. ती बरोबर म्हणेल तेव्हा तुम्हाला कुठला रंग दिसतो, तो लक्षात ठेवा.”

“काठीला विचारू? त्यापेक्षा गेटावर बसेन.”

“बसा. उन्हात काळे पडाल, तेही तुम्हाला पिवळंच दिसेल.”

दुसऱ्या दिवशी मामा गप्प गेले, गप्प आले. मामींच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. घंटा साच्यात निवत होती. साचा फुटेपर्यंत कुणालाच काही कळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मामा दारातूनच ओरडले, “अगं, काय वाजली! मालकाच्या हातातला चहा सांडला!”

“म्हणजे विचारलंत काठीला?”

“छे! मेहुण्याला म्हटलं, आण तुझी ती काठी, खरं बोलते का बघू. तिने ओतायचा आकडा दाखवला, मी मुशीत पाहिलं. नारिंगी, अगदी कच्चं! जीभ वळत नव्हती गं. तरी डोळे मिटून म्हटलं, पिकलं.”

“मग?”

“मग काय? काठी पास झाली. तसं मी सगळ्यांसमोर सांगितलं.”

मामींनी हसू गिळलं. “आणि डोळे? डॉक्टरांकडे मंगळवारची वेळ घेतलीय मी.”

मामांनी शर्ट काढून खुंटीला लावला, उगाच एकदा झटकला.

“मंगळवारी तसंही ओतकाम नसतं,” ते म्हणाले.