पंख्याखालच्या कुरडया

चंद्रपूरला मावशीकडे गेलो होतो. बाहेर कडक ऊन होतं, पण तिच्या कुरडया घरात, खिडक्या लावून, पंख्याखाली वाळत होत्या. गच्चीवर घातल्या की खाणीच्या धुळीनं काळ्या पडतात म्हणे.

“मग ती खाण बंदच करायला हवी,” मी पुण्याच्या तोऱ्यात बोललो.

“अन् पंखा कायच्यावर चालन?” मावशीनं विचारलं.

इथल्या कोळशाची वीज माझ्याही घरी येते. धूळ मात्र इथंच राहते.

तेवढ्यात वीज गेली. पंखा हळूहळू थांबला. मावशी खिडकीपाशी गेली, कडीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. मग पुठ्ठा घेऊन कुरडयांना वारा घालत बसली.